एकदा झाल्या की झाल्या

पाळणाघरात कुणी नवीन कामाला आलं की बाई दोनच प्रश्न विचारायच्या. "मुलांचा कंटाळा येतो का?" हा पहिला, आणि "कांजिण्या झाल्यात का?" हा दुसरा. पहिल्याला सगळेच खोटं बोलतात, असं त्यांचं अनुभवाचं मत होतं. दुसऱ्याचं उत्तर मात्र खरं असतं, असं त्या धरून चालायच्या.

मावशी कामाला आल्या तेव्हा पहिल्या प्रश्नाला त्यांनी "येतो की!" असं सांगून बाईंना हसवलं होतं. दुसऱ्याला त्यांनी कपाळच पुढे केलं. डाव्या भुवईच्या वर मसुराच्या दाण्याएवढा एक खळगा होता. "लहानपणीच उरकलंय ते," त्या म्हणाल्या. "एकदा झाल्या की झाल्या."

त्या एका वाक्यावर त्यांची पुढची सगळी नोकरी उभी राहिली.

पाळणाघर इस्त्रीच्या दुकानामागे, तळमजल्यावर. बाहेरच्या मोठ्या खोलीत भिंतीवर मुलांच्या उंचीचे हुक, प्रत्येक हुकावर एक चित्र: ससा, छत्री, चमचा. ज्या मुलाला अजून नाव वाचता येत नाही त्याला आपला चमचा बरोबर सापडतो. मधे स्वयंपाकघर. आणि मागे आतली खोली. तिला अर्धंच दार होतं, कमरेइतकं, त्यावर एक फळी. मूल आजारी वाटलं की ते आत जायचं आणि घरचं माणूस येईपर्यंत तिथंच राहायचं. नियमाप्रमाणे आई-बापांनी लगेच यायला हवं. पण कुणी कारखान्यात पाळीवर असायचं, कुणी दवाखान्यात दुसऱ्यांच्या आजारात अडकलेलं. येता येता संध्याकाळ व्हायची. तोवर जेवण फळीवर ठेवायचं, भांडी फळीवरूनच परत घ्यायची, आणि आत गेलेलं खेळणं धुतल्याशिवाय बाहेर यायचं नाही.

कांजिण्यांची साथ आली की आत कोण जाणार हे ठरलेलं. मावशी एप्रन चढवायच्या, केसांवर फडकं बांधायच्या आणि अर्धं दार मागे ओढून घ्यायच्या. स्वयंपाकघरातल्या काकू ओरडायच्या, "निघालं बघा आमचं चिलखत!"

"चिलखताला चहा लागतो म्हणावं," आतून उत्तर यायचं. "फळीवर ठेवा आणि पळा. तुमच्या आईला आठवत नाही ना तुम्हाला झाल्या होत्या की नाही?"

"आमच्या आईला आम्ही किती भावंडं तेच आठवत नव्हतं!"

चिलखत हे नाव काकूंनीच पाडलं आणि मग सगळ्यांच्या तोंडी बसलं. मावशींनी वरवर नाक मुरडलं, पण कुणी नुसतं मावशी म्हटलं तर त्यांना काहीतरी कमी पडल्यासारखं वाटायचं.

त्यांचा हात त्या कामात खरंच बसलेला होता. डास चावला आहे की कांजिणी आहे, हे त्या मुलाला न रडवता सांगायच्या. आधी कानामागे बघायचं, मग केसांच्या मुळाशी, मग पोटावर. डासाचे सगळे चट्टे एका वयाचे असतात. कांजिण्यांत एकाच पोटावर तिन्ही वयं नांदतात: इथं नुसता लाल ठिपका, त्याच्या शेजारी पाण्याचा थेंब ठेवावा तशी पुळी, पलीकडे सुकू लागलेली खपली. ओळख पटली की मुलाची नखं कापायची आणि दोन्ही हातांत मोजे चढवायचे. मोज्याचं माकड व्हायचं, माकड पुळ्यांशी बोलायचं, आणि खाजवायचं राहून जायचं. गुलाबी औषधाचा बोळा टेकवताना मूल प्रत्येक पुळीचं नाव सांगायचं. एका पोरानं आपल्या पाठीवर अख्खं पाळणाघर वसवलं होतं. सर्वात मोठ्या पुळीला त्यानं बाईंचं नाव दिलं.

घरी मात्र मावशींची तऱ्हा वेगळी. साथीच्या दिवसांत त्या आल्या आल्या सरळ न्हाणीघरात. अंघोळ होऊन कपडे बदलल्याशिवाय लेकीला हात लावायचा नाही. लेक, म्हणजे चिमी, दारामागे उभी राहून तक्रार करायची, "सगळ्या जगाच्या पोरांना घेतेस, मीच काय पाप केलंय?" कपड्यांवरून कांजिण्या सहसा घरी येत नाहीत, त्या येतात आजारी माणसाच्या श्वासातून नाहीतर पुळीतल्या पाण्यातून. हे मावशींना तेव्हा कुणी सांगितलेलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी त्यांनी अंघोळ सोडली नसती. चिमीच्या लहानपणी लसही सर्रास टोचत नसत. गल्लीतली, शाळेतली, सगळी मुलं ठिपक्याठिपक्यांची होऊन बरी झाली, चिमीला एक पुळी उठली नाही. "इतकी वर्षं त्या आगीत काम करते, पण ठिणगी घरात येऊ दिली नाही," असं मावशी अभिमानानं सांगत. घरातल्या कुणालाच तो अभिमान खटकला नाही. खटकावा असं त्यात काही दिसत नव्हतं.

चिमी पुढे चष्म्याच्या दुकानात कामाला लागली. लग्न झालं. जावई लिफ्ट दुरुस्त करायचा. ती दोघं दोन गल्ल्या सोडून पाचव्या मजल्यावर राहायची आणि त्या इमारतीची लिफ्ट कायम बंद. "शहरभर लोकांना वर-खाली करतात," मावशी म्हणायच्या, "आणि स्वतःची बायको जिन्यानं." जावई हसून म्हणायचा, "आई, मालक सुटा भाग आणून देत नाही, मी काय खिळ्याला टांगून ओढू?" चिमीला दिवस गेले, पोट दिसू लागलं, जिना चढताना दम लागू लागला, तशी ती आईच्या तळमजल्यावर राहायला आली.

त्याच सुमाराला पाळणाघरात साथ आली. छत्रीच्या हुकाची मुलगी आधी, मग तिचा भाऊ. मावशी आत गेल्या. भावाचा ताप जास्त होता, तो सगळी दुपार त्यांच्या खांद्यावर तोंड खुपसून झोपला. साथ ओसरली. पुढे दोनेक आठवडे काही झालं नाही.

मग एका सकाळी मावशींचं अंग मोडून आलं. त्यांनी ते पावसाळी हवेवर ढकललं. संध्याकाळी केस विंचरताना फणी मानेवर कशाला तरी अडली. त्यांनी बोटानं चाचपलं. घामोळं असेल. शेजारी आणखी एक होतं. तेही घामोळंच. गंमत अशी, की हेच चाचपणं त्यांनी कुठल्याही मुलाच्या मानेवर केलं असतं तर क्षणात अर्ध्या दाराकडे बोट दाखवलं असतं. स्वतःच्या मानेवर त्यांचं बोट अडाणी झालं. डोक्यात वाक्य पक्कं बसलेलं होतं, आणि बोटापेक्षा ते वाक्य जुनं होतं.

सुदैव एवढंच, की त्या रात्री डोकं ठणकतंय म्हणून त्या लवकर आपल्या खोलीत जाऊन पडल्या. पण त्याआधीच्या दोन संध्याकाळी त्या चिमीच्या सुजलेल्या पायांना तेल चोळत तिच्याजवळ बसल्या होत्या.

सकाळी त्या खिडकीकडे तोंड करून ब्लाउज बदलत होत्या. चिमी चहाचा कप घेऊन आत आली.

"आई, पाठीला काय झालंय तुझ्या? थांब, बघू दे."

कप ठेवून तिनं हात पुढे केला.

"लांब हो!"

हा आवाज चिमीनं कधी ऐकला नव्हता. पाळणाघरातली मुलं तो ओळखायची. अर्ध्या दारापाशी उत्सुकतेनं माना आत घालणाऱ्यांसाठी राखून ठेवलेला आवाज होता तो. मावशींनाही तो आपल्या तोंडून निघाल्यावरच कळलं की आपल्याला काय झालंय.

"अगं, काय—"

"चहा तिथंच ठेव. मागे जा, बाहेरच्या खोलीत. दार ओढून घे आणि त्या खोलीच्या खिडक्या उघड. सगळ्या."

"आई, तुला तर झाल्यात ना एकदा?"

"मला काय झालंय ते मला ठाऊक नाही," मावशी म्हणाल्या. "तुला झालेल्या नाहीत, ते मात्र पक्कं ठाऊक आहे. जा म्हणते ना!"

चिमी गेली. दाराची कडी लागल्याचा आवाज आला तेव्हा मावशी पलंगावर बसल्या. आरशात पाठ दिसत नव्हती, पोट दिसत होतं. पोटावर तिन्ही वयं होती.

डॉक्टर तोंडाला फडकं बांधून घरीच आले. तरुण होते, पाळणाघरात मुलं तपासायला यायचे, त्यामुळे मावशींना चांगले ओळखत. त्यांनी पोट पाहिलं, मान पाहिली, आणि मावशींच्याच क्रमानं कानामागे पाहिलं.

"चिलखत मावशी, हे तुम्हीच सांगितलं असतंत."

"एकदा होतात ना पण?"

"बहुतेकांना एकदाच. क्वचित कुणाला दुसऱ्यांदा होतात. पहिल्या वेळी किती वर्षांच्या होतात?"

"चार-पाच. चांगलं आठवतंय मला. खिडकीला निळा पडदा होता, मी आत पडलेली, आणि दादा बाहेरून काचेला नाक चिकटवून तोंड वेडावत होता. त्या पडद्यावरून आईचा धपाटाही खाल्ला होता मी."

डॉक्टरांनी मान हलवली. "दादा आहेत का? विचारा बरं एकदा."

दादा सायकली दुरुस्त करायचा. फोन उचलला तेव्हा मागे कुणीतरी चाकात हवा भरत होतं. मावशींनी फोन मोठ्या आवाजावर टाकला. दाराबाहेर चिमी कान लावून बसलेली.

"दादा, मला कांजिण्या झाल्या तेव्हा मी केवढी होते?"

"तू? तान्ही होतीस. मांडीवरची."

"काहीतरी बोलू नकोस. निळा पडदा होता. तू खिडकीतून वेडावत होतास."

"अगं बाई! खिडकीच्या आत मी होतो! पडदा मी ओढून पाडला, धपाटा मी खाल्ला. बाहेरून वेडावत होता तो शेजारचा चपट्या नाकाचा. माझ्या सगळ्या अंगावर आल्या होत्या आणि तुला दोन-चार पुटकुळ्या. आई म्हणाली, चला, दोघांचं एकदम उरकलं. मग तीच गोष्ट आई दोघांची म्हणून सांगायची."

"आणि कपाळावरचा वण?"

"तो टेबलाचा कोपरा. चालायला शिकत होतीस. कांजिण्यांचा कुठला वण एवढा खोल असतो? का गं, आज हे काय काढलंस?"

मावशींनी फोन ठेवला नाही, नुसता बाजूला केला. दाराबाहेरून चिमीचं दबलेलं हसू ऐकू आलं आणि पाठोपाठ रडूही. डॉक्टर खुर्ची खिडकीपाशी ओढून बसले.

"तुमच्या पाळणाघरात संध्याकाळी मूल न्यायला कोण येतं, ते चेहऱ्यावरून ओळखता ना तुम्ही?" ते म्हणाले. "एकदा नीट पाहिलेला चेहरा विसरत नाही. शरीरही तेच करतं. आजार एकदा अंगात येऊन गेला की त्याची ओळख राहते, पुन्हा आला तर दारातच अडवला जातो. पण तान्ह्या बाळाच्या अंगात आईकडून आलेली रसद असते. तुमच्या वेळी आजार दारात आला आणि तुमच्या वतीनं आईच्याच रसदीनं त्याला हुसकावलं असणार. तुम्ही त्याचा चेहरा धड पाहिलाच नाही."

"मग इतकी वर्षं? किती पोरं मी खांद्यावर घेतली!"

"थोडी ओळख राहिली असेल, ती हळूहळू पुसट झाली असेल. किंवा त्या दोन-चार पुटकुळ्या कांजिण्यांच्या नसतीलही. आता नक्की कुणीच सांगू शकणार नाही, मीही नाही." मग त्यांनी आवाज बदलला. "ते राहू दे. चिमीचं बघायचंय. अंगावर पुळ्या यायच्या आधी दोन दिवस माणूस आजार पसरवत असतो. ती तुमच्याजवळ होती?"

"पाय चोळून देत होते तिचे," मावशी म्हणाल्या.

गरोदर बाईला कांजिण्या झाल्या तर फुप्फुसांवर जाऊ शकतात, आणि बाळाच्या जन्माच्या आसपास झाल्या तर बाळालाही धोका असतो, हे डॉक्टरांनी दोन वाक्यांत सांगितलं. भीती घातली नाही आणि लपवलंही नाही. चिमीचं रक्त तपासायचं. पुष्कळ माणसांना झाल्याचं आठवत नाही, तरी रक्तात ओळख सापडते. ती सापडली तर प्रश्नच मिटला. नाही सापडली तर तयार प्रतिद्रव्यांचं इंजेक्शन द्यायचं: दुसऱ्यांच्या रक्तातून घेतलेली, काही आठवडे पुरणारी उसनी ओळख. ते वेळेत दिलं तरच उपयोग. "आज कळलं, हे फार बरं झालं," डॉक्टर उठताना म्हणाले. मावशींना कालची संध्याकाळ आठवली, फणी आठवली.

रक्ताचा निकाल दुसऱ्या दिवशी आला. चिमीच्या रक्तात कांजिण्यांची काही ओळख नव्हती. कोरं होतं. मावशींनी इतकी वर्षं जे जपलं होतं, ते अगदी जसंच्या तसं शिल्लक होतं.

इंजेक्शन त्याच दुपारी दिलं गेलं. चिमीनं आता या घरात राहायचं नव्हतं. पण तिला पाचव्या मजल्यापर्यंत जिना चढू द्यायचा नव्हता. जावयानं मालकाला काय सांगितलं, कुठून कुठला भाग आणला, हे त्यानं कधी उघड केलं नाही, पण बंद पडलेली ती लिफ्ट संध्याकाळच्या आत सुरू झाली. इमारतीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी तर नुसतंच दोनदा वर-खाली करून घेतलं.

मग वाट पाहणं सुरू झालं. त्यात करण्यासारखं काही नसतं. मावशींना ताप चढला. मोठ्या माणसाला हा आजार जास्त छळतो, तसा त्यांनाही छळला. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या. जावयाला शाळेत असताना कडक कांजिण्या झालेल्या, तरी तो डबा खिडकीच्या फळीवर ठेवून मागे सरायचा. मावशी आतून म्हणायच्या, "ठेवा आणि पळा." फोनवर मायलेकींचं बोलणं एकाच प्रश्नानं सुरू व्हायचं.

"अंग बघितलंस?"

"बघितलं. काही नाही."

"कानामागे?"

"आई, कानामागे मला कसं दिसणार? ह्यांना दाखवते रोज. ते बॅटरी घेऊन बघतात, लिफ्टचं मशीन बघावं तसं."

"केसांत?"

"केसांतही. तू खाजवत नाहीस ना?"

मावशींच्या दोन्ही हातांत मोजे होते. फोन मोज्यातून निसटून निसटून जायचा.

एकदा चिमी म्हणाली, "दंडावर एक लाल आलंय." पलीकडून मग मावशींचा कोरडा, कामाचा आवाज आला. "एकच? शेजारी दुसरं? पाणी धरलंय? बोटानं ताणून बघ, जातं का." ते ताणल्यावर गेलं. दुसऱ्या दिवशी उरलं नव्हतं. डास होता. त्या डासानं दोन घरांतली एक अख्खी रात्र खाल्ली.

डॉक्टरांनी सांगितलेली मुदत संपली, इंजेक्शनमुळे वाढवून दिलेलीही संपली. चिमीला काही झालं नाही. ती पुन्हा आईकडे राहायला आली आणि यथावकाश मुलगी झाली. आई-लेक दोघी ठीक. मावशी तेव्हा पुऱ्या बऱ्या झाल्या होत्या. नाकाच्या शेंड्यावर एक नवा वण होता, आणि हा नक्की कांजिण्यांचाच होता. नात मांडीवर घेताना त्यांनी डॉक्टरांना फोन करून विचारलं, "हिच्यात रसद आहे का आईची?"

"कांजिण्यांची? आईकडे तयार झालेलीच नाही, तर बाळाला कुठून येणार? उसनी होती ती एव्हाना संपली असेल. चिमीला आता लस टोचून घ्यायची, अंगावर पाजत असली तरी चालते. बाळाची लस तिच्या वेळी. तोवर जपायचं."

"जपायचं," मावशी म्हणाल्या. हा शब्द त्यांनी इतक्या सावधपणे पूर्वी कधी उच्चारला नव्हता. त्याच आठवड्यात त्या चिमीला घेऊन गेल्या आणि सुई टोचली जाईपर्यंत शेजारी उभ्या राहिल्या.

पाळणाघरात पुन्हा साथ आली ती नात मान धरू लागल्यावर. चमच्याच्या हुकाचा मुलगा सकाळपासून किरकिरत होता. मावशींनी कानामागे पाहिलं आणि त्याला उचलून अर्ध्या दाराच्या आत बसवलं. सवयीनं सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या.

काकू म्हणाल्या, "आता काय, चिलखताला दुहेरी पत्रा बसलाय!"

"चिलखत बिलखत काही नाही," मावशी म्हणाल्या. "मावशी म्हणा. बाई, आजच्यापुरती मी जाते. पण माझ्या घरात तान्हं मूल आहे. माझ्यासारखं पुन्हा कुणाचं व्हायला नको. आत जाणारं माणूस नुसतं विचारून ठरवायचं नाही आता."

बाई म्हणाल्या, "अहो, त्यात काय, तुम्हाला नको असेल तर उद्यापासून मी जाईन आत. मला झाल्यात लहानपणी."

"कुणी सांगितलं?"

"कुणी म्हणजे? आईनं."

"मग आधी रक्त तपासून घ्या," मावशी म्हणाल्या. आत मूल रडू लागलं होतं. त्यांनी केसांवर फडकं बांधलं आणि खिशातून मोजे काढले. "तोवर मीच. माझ्या अजून ताज्या आहेत."